अकरावी चौकट

थोरलीने फॉर्म दोन बोटांनी उचलला, त्याच्याखाली सांडलेला चहा फडक्याने पुसला आणि फॉर्म होता तिथेच, धाकटीच्या पुढ्यात, परत ठेवला. वाचला नाही.

"फक्त सही करायची आहे," धाकटी म्हणाली. "ही इथे, खाली."

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काही नाही. करणार नाही."

कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवणाची सुट्टी संपायला अजून थोडा वेळ होता. शेजारच्या दोन टेबलांवरच्या बायकांनी बोलणं थांबवलं होतं आणि डब्यांची झाकणं लावण्याचं काम फार मन लावून चाललं होतं. घड्याळवाली आलीय, ही बातमी धाकटी दारातून आत शिरायच्या आधीच आत पोचली होती. इथे तिला दुसरं नाव नव्हतं.

या बायका सलाईनच्या नळ्या जोडायच्या. नळीला थेंबांची कुपी, कुपीला टोपण, मग चिमटा, मग सुईच्या बाजूचं तोंड, शेवटी सगळ्याचं वेटोळं करून पिशवीत. पूर्वी हे काम जिच्या तिच्या टेबलावर चालायचं. आठ महिन्यांपूर्वी सरकता पट्टा आला आणि त्या पट्ट्याला धाकटीच्या प्रबंधातला आकडा लावला गेला. अठ्ठेचाळीस सेकंद. दर अठ्ठेचाळीस सेकंदांनी नवी नळी समोर येऊन उभी राहते, हातातली झाली असो वा नसो. दहा-बारा सेकंद कमी झाले तर काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या बायकांचे उजवे अंगठे बघावेत. निम्म्यांवर चिकटपट्ट्या होत्या.

"आकडा बरोबर आहे, ताई," धाकटी आवाज खाली आणत म्हणाली. "अठ्ठावीस जणी, प्रत्येकीची तीस मोजमापं. मी मनाने नाही काढला."

"तू काढलास ना? मग झालं."

"तुम्ही त्या दिवशी हात आखडून काम केलंत. सगळेच करतात. घड्याळ दिसलं की माणूस हळू होतो. ते वजा करावं लागतं."

थोरलीने फडकं टेबलावर आपटलं.

"कोणी हात आखडला नव्हता. मी एकेकीला बजावून ठेवलं होतं. माझी बहीण येणार आहे, तिच्या शिक्षणाचं काम आहे, जसं रोज करता तसंच करा, कमी नको, जास्त नको. माझ्या शब्दाखातर केलं त्यांनी. आणि तू त्यांना कामचुकार ठरवून गेलीस."

"सगळ्या ठिकाणी असंच सांगतात."

"मी सगळ्या ठिकाणची आहे का?"

बाजूच्या टेबलावर कोणीतरी खोकलं. भोंगा झाला. थोरली उठली, जाताना मागे न बघता म्हणाली, "मला कामगारांची प्रतिनिधी कशाला निवडलंय माहीत आहे? सख्ख्या बहिणीला शिव्या घालते, ती साहेबाला काय सोडणार, म्हणून. आता सही केली तर यांनी माझं काय करायचं?"

धाकटीने फॉर्म पिशवीत घातला. चहाचा डाग कोपऱ्यावर राहिलाच. तिला संताप आला होता, आणि तो संताप इतका जुना आणि ओळखीचा होता की त्यात तिला जवळजवळ बरं वाटत होतं. लहानपणापासून हे असंच. हिच्यापुढे काही मागायचं म्हणजे आधी चार गोष्टी ऐकून घ्यायच्या.

फॉर्मवर अकरा चौकटी होत्या. प्रणाली व औद्योगिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवायची तर त्या सगळ्या भराव्या लागतात, आणि भरल्याशिवाय शेवटच्या तोंडी परीक्षेला उभंसुद्धा करत नाहीत. ठरलेले अभ्यासक्रम, एक दुय्यम विषय, लेखी पात्रता परीक्षा, वेगमापनाचं प्रशिक्षण, दोन सत्रं शिकवणं, दोन छापील शोधनिबंध, आणि असंच बरंच काही. कोणत्या चौकटीत माणूस शहाणा होतो ते फॉर्मवर लिहिलेलं नाही. धाकटीला दहा चौकटी भरायला पावणेआठ वर्षं लागली होती. मुदत आठ वर्षांची, मधे एकदा मिळणारी वाढ धरून. ती या शुक्रवारी संपत होती.

अकरावी चौकट मूळच्या फॉर्मवर नव्हतीच. ती खिळ्याने वाढवली होती. प्रबंध तपासणाऱ्या समितीतल्या या बाहेरच्या सदस्याला सगळा विभाग खिळाच म्हणायचा, कारण तो बसला की चर्चा तिथेच अडकायची. प्रस्तावाच्या वेळी त्याने सगळं ऐकून घेतलं होतं आणि फॉर्मच्या तळाशी स्वतःच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं: 'काढलेला आकडा प्रत्यक्ष वापरून पाहावा व तो मान्य असल्याची कामगार प्रतिनिधीची सही आणावी.' तेव्हा प्रतिनिधी कोणी दुसरीच होती. धाकटीने हसून मान डोलावली होती.

सोमवारी संध्याकाळी ती मार्गदर्शकांच्या खोलीत गेली. सरांना लवकरच विभागप्रमुख व्हायचं होतं आणि त्याआधी आपल्या नावावर आणखी एक डॉक्टर झालेला त्यांना हवा होता. ते कधी आवाज चढवत नसत. त्यांना ती गरज पडत नसे.

"सख्खी बहीण ना?"

"सख्खी."

"मग घरचाच मामला आहे. गोड बोल, घे सही."

"ती नाही देणार, सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी व्यवस्थापकांशी बोललोय. ते तुझ्या आकड्यावर खूष आहेत. उत्पादन पंचवीस टक्क्यांनी वाढलंय, आणखी काय हवं? ते म्हणाले, प्रतिनिधी वैयक्तिक कारणाने आडमुठेपणा करते आहे असं तुझ्याकडून लेखी आलं, तर ते तिची निवड रद्द करून दुसरी प्रतिनिधी नेमतील. ती सही करेल."

"आणि हिचं काय होईल?"

"काय व्हायचंय? नळ्या जोडायची, नळ्या जोडेल." सर हसले. "तू ठरव. मी आग्रह करत नाही. फक्त शुक्रवार लक्षात ठेव."

मंगळवारी सकाळी धाकटीने पत्र लिहिलं. सात ओळी. 'आमच्यातील जुन्या कौटुंबिक वैमनस्यामुळे सदर प्रतिनिधी निःपक्षपाती राहू शकत नाहीत.' हे वाक्य तिला चांगलं जमलं, एकदाही खोडावं लागलं नाही. खाली सही केली, पाकिटात घातलं, आणि दुपारी कारखान्यात देऊन यायचं ठरवलं. आपण वाईट करतो आहोत असं तिला वाटलं नाही. आठ वर्षं घालवल्यावर एका बाईच्या हट्टापायी सगळं पाण्यात जाऊ द्यायचं, हे तिला जास्त वाईट वाटत होतं.

निघता निघता खिळ्याचा निरोप आला. प्रबंध घेऊन या, ताबडतोब.

खिळ्याच्या खोलीत पाहुण्याला एकच खुर्ची होती आणि तिच्यावर पुस्तकं होती. त्याने ती हलवली नाहीत. धाकटी उभी राहिली.

"परिशिष्ट तीन."

तिने पान काढलं. अठ्ठावीस ओळी, दर ओळीत एका बाईचं मोजमाप. पहिल्या रकान्यात तिला प्रत्यक्ष लागलेला वेळ. दुसऱ्यात वेगाचा अंदाज. हा अंदाज निरीक्षकाने स्वतःच्या नजरेने करायचा असतो. समोरची व्यक्ती साधारण माणसाच्या वेगाने काम करत असेल तर शंभर. रेंगाळत असेल तर ऐंशी, पंच्याहत्तर. झपाझप करत असेल तर एकशे दहा, एकशे वीस. मग लागलेल्या वेळाला या अंदाजाने गुणायचं, शंभराने भागायचं, की त्या कामाचा खरा वेळ मिळतो. सगळ्या घड्याळांच्या, सगळ्या गणितांच्या मुळाशी माणसाची नुसती नजर असते. या शास्त्रातल्या लोकांना त्याचं फारसं काही वाटत नाही.

"सत्तावीस जणींना साठ सेकंद लागले, एखादा इकडे, एखादा तिकडे," खिळा म्हणाला. "त्यांना तुम्ही ऐंशी दिलेत. म्हणून अठ्ठेचाळीस."

"हो, सर."

"अठ्ठाविसावीला अठ्ठेचाळीसच लागले. तिला शंभर दिलेत. म्हणून अठ्ठेचाळीस."

"हो. दोन्हीकडून तोच आकडा येतो. त्यामुळेच मला खात्री..."

"सत्तावीस बायका, एकाच दिवशी, एकाच मापाने कामचुकार. आणि एक प्रामाणिक. ही कोण?"

धाकटीने त्या ओळीवर बोट ठेवलं. "माझी बहीण."

खिळ्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याने फॉर्मची प्रत पुढे ओढली. "चौथी चौकट. वेगमापनाचं प्रशिक्षण. तारीख नाही. 'अनुभवामुळे सूट.' सही तुमच्या मार्गदर्शकांची."

"प्रवेश घ्यायच्या आधी मी चार वर्षं हेच काम करत होते, सर. त्यामुळे एक सत्र वाचलं."

"तिथे कोणी शिकवलं?"

"आधी जो करायचा त्याने. एका दुपारी."

त्याने खण उघडला. धाकटीला वाटलं आता नियमांचं पुस्तक निघणार. निघाला पत्त्यांचा जोड, कडा मळलेला, रबर लावलेला. खिळ्याने टेबलावरचं छोटं घड्याळ स्वतःकडे वळवून घेतलं, रबर काढलं आणि पत्ते वाटायला सुरुवात केली. चार वाटे, एकेक पत्ता, कोणाशी डाव मांडायचा असावा तसे. त्याची बोटं म्हाताऱ्या माणसाची होती, पण पत्ता नीट पडत होता. बावन्न संपले.

"किती?" तो म्हणाला.

"काय किती?"

"माझा वेग. तुमच्या नजरेने."

"ऐंशी," धाकटी म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही.

त्याने आकडा कागदावर लिहिला. पत्ते गोळा केले, पिसले, पुन्हा वाटले. या वेळी जरा चटपटीत.

"आता?"

"आता शंभर."

खिळ्याने तोही लिहिला आणि घड्याळाचे दोन्ही आकडे शेजारी मांडून कागद तिच्याकडे फिरवला. पहिल्या वेळेला तीस सेकंद लागले होते. दुसऱ्या वेळेला चोवीस.

"बावन्न पत्ते, चार वाटे, अर्धं मिनिट. याला शंभर म्हणतात. साधा माणूस, साधा वेग. पत्ते वाटून नजर बसवायची, ही या धंद्यातली जुनी रीत आहे, आणि प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला ती शिकवतात. तुमचा तो तास वाचला." 'वाचला' म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या नजरेत गोंधळ नाही. अगदी पक्की आहे. चुकीच्या जागी पक्की आहे. आमच्या शंभराला तुम्ही ऐंशी म्हणता आणि आमच्या सव्वाशेला शंभर. करा आता हिशेब."

हिशेब करायला कागद लागत नव्हता. सत्तावीस जणी ऐंशीच्या नव्हत्या, शंभराच्या होत्या. साठ सेकंद लागले, ते साठच खरे. अठ्ठाविसावी शंभराची नव्हती, सव्वाशेची होती. अठ्ठेचाळिसाला सव्वाने गुणलं की तेही साठ. दोन्हीकडून तोच आकडा येत होता. या वेळी तिने खात्रीची भाषा केली नाही, परिशिष्ट मिटलं.

लहानपणी आई घरी खोके दुमडायला आणायची. औषधांच्या दुकानांचे, पुठ्ठ्याचे, पसरट. दोघी बहिणी जमिनीवर समोरासमोर बसायच्या. थोरली दुमडायची, धाकटी तिच्याकडे बघून दुमडायची. थोरलीचा ढीग नेहमी आधी संपायचा आणि मग ती धाकटीच्या ढिगातले निम्मे ओढून घ्यायची, वर ऐकवायची, "तुझे हात आहेत की पळ्या?" धाकटीने ते खरंच धरून चाललं होतं. आपले हात मठ्ठ आहेत, म्हणून आपण पुस्तकांकडे वळलो. थोरलीचे हात जसे चालतात तसेच सगळ्या जगाचे चालत असणार. हात चालताना बघायची पहिली सवय तिला तिथे लागली होती, आणि ती तपासावी असं गेल्या तीस वर्षांत तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"दुरुस्त करायला किती दिवस लागतील?" तिने विचारलं.

"पट्ट्याची मांडणी, पूर्ण गणित, नवी चाचणी. सहा महिने. तुमच्याकडे तीन दिवस आहेत, आणि मुदतवाढ वापरून झाली आहे."

"म्हणजे सर, तुम्ही मला..."

"मी काही करत नाही. समितीत तिघे आहेत. दोघे तुमच्या बाजूचे. अकरावी चौकट भरून आणलीत, तर परीक्षा होईल आणि तुम्ही माझ्याशिवाय पास व्हाल. मी विरोधी मत लिहीन, ते कपाटात जाईल. हे आत्ताच सांगतोय, म्हणजे नंतर माझ्या नावाने रडगाणं नको." त्याने पत्त्यांना रबर लावलं. "जाताना दार ओढून घ्या."

ती बाहेर आली. पिशवीत पाकीट होतं. कारखान्याकडे जाणारी बस आली, थांबली आणि गेली. दुसरीही गेली. सत्तावीस बायकांनी तिच्या बहिणीच्या शब्दाला मान देऊन एक दिवस खरंखुरं काम केलं होतं. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कोणी घड्याळासमोर इतकं सरळ वागलं असेल. आणि तिने प्रत्येकीच्या नावापुढे ऐंशी लिहून ठेवलं होतं. धाकटीला स्वतःची शरम वाटली. ती रस्त्यातच, बसथांब्यावर, लोकांसमोर रडली, आणि त्याने काहीच हलकं झालं नाही.

गुरुवारी तिने सरांपुढे दोन कागद ठेवले. एक कारखान्याच्या व्यवस्थापकांना पाठवलेल्या पत्राची प्रत. निरीक्षकाच्या वेगाच्या अंदाजात चूक झाली असून अठ्ठेचाळीस सेकंदांचा आकडा रद्द समजावा, पट्टा साठ सेकंदांपेक्षा जलद चालवू नये. दुसरं, परिशिष्ट तीन, नव्याने.

सरांनी पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"पाठवलंस?"

"काल."

"मला न विचारता."

"हो."

"त्या माणसाने पत्ते पिसून दाखवले आणि तू आठ वर्षं फेकून दिलीस?" आवाज अजूनही चढला नव्हता, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "साठ धरलेस तर पंचवीस टक्के वाढ जाते. प्रबंधात उरतं काय?"

"अठ्ठावीस बायका मिनिटाला एक नळी जोडत होत्या, एवढं उरतं."

"ते त्या बायकांनाही ठाऊक होतं. त्याला डॉक्टरेट देत नाहीत."

"चौथ्या चौकटीत सूट तुम्ही दिली होती, सर."

सरांनी चष्मा चढवला आणि समोरचा दुसराच कुठला तरी कागद वाचायला घेतला. "तू मागितली होतीस," ते म्हणाले. तिने मागितली होती. एक सत्र वाचणार म्हणून तेव्हा तिने पेढ्यांसारखा आनंद वाटला होता. ती दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, "माझं नाव प्रबंधावरून काढ. आजच."

शुक्रवारी पाच वाजता कार्यालयातल्या कारकून बाईंनी फॉर्म खिडकीतून आत घेतला, अकरा चौकटींवरून पेन फिरवलं, शेवटच्या रिकाम्या चौकटीवर थांबल्या आणि लाल शिक्का उचलला. मुदत समाप्त. शाई ओली होती म्हणून त्यांनी फुंकर मारली.

"पुन्हा प्रवेश घेता येतो," त्या म्हणाल्या. "पहिल्या चौकटीपासून. फॉर्म हवाय का नवीन?"

"आत्ता नको."

"हा जुना घेऊन जा मग. इथे ठेवायला जागा नाही."

रविवारी सकाळी ती थोरलीकडे गेली. थोरली पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत बसली होती. तिने 'ये' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल. कापड हवेत एकदा झटकलं जायचं आणि खाली येईपर्यंत चौकोन झालेला असायचा. धाकटी दाराजवळच्या स्टुलावर बसून ते बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने हे बघितलंच नव्हतं. तिला वाटायचं कपडे असेच घडी होतात.

"साहेबाने तुझं पत्र वाचून दाखवलं," थोरली म्हणाली. "सगळ्यांसमोर नाही. मला आत बोलावून."

"मग?"

"मग काय. विचार करतो म्हणाला. पट्टा आहे तिथेच आहे." झटका, घडी. "मी म्हटलं, विचार करा, तोवर आम्ही साठनेच जोडतो. काल पट्ट्याच्या टोकाला नळ्यांचा ढीग पडला होता. आता तो विचार करतोय."

"नवीन आकड्यांचा कागद आणलाय मी. तुम्हाला दाखवायला उपयोगी पडेल."

"ठेव तिथे."

धाकटीने पिशवीतली फाइल काढून पलंगाच्या कडेला ठेवली. थोरलीने हातातला टॉवेल संपवला, मग फाइल उघडली. वर परिशिष्ट होतं. तिने सत्तावीस नावांवरून बोट फिरवलं. प्रत्येकीपुढे आता शंभर होतं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"माझ्यापुढे एकशे पंचवीस का?"

"तू सगळ्यांच्या सव्वापट आहेस म्हणून."

"सव्वापट काय?"

"वेगात. साधारण माणसापेक्षा."

"ते तुला आत्ता कळलं?"

"हो."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात माया बिया काही नव्हती. एखादं माणूस इतकं कसं आंधळं असू शकतं, असं साधं आश्चर्य होतं, आणि त्याखाली राग होता तसाच.

"मंदा लवकर घर गाठायची, हाताला पट्टी बांधून," ती म्हणाली, म्हणजे स्वतःशीच बोलली, पट्ट्यावरच्या कुठल्या तरी बाईबद्दल. "मला वाटायचं ही नाटकं करते. मला जमतंय तर हिला का नाही." तिने परिशिष्ट बाजूला ठेवलं. त्याच्याखालून फॉर्म निघाला, चहाच्या डागाचा, आणि फॉर्मला चिकटून एक पाकीट.

धाकटी उठली, पण उशीर झाला होता. पाकीट तिने काढून ठेवायला हवं होतं. पाच दिवस ती ते पिशवीतून काढू शकली नव्हती आणि फाडूही शकली नव्हती. थोरलीने पत्र उघडलं आणि सात ओळी वाचल्या.

"'कौटुंबिक वैमनस्य' म्हणजे?"

"भांडण."

"हे कधी लिहिलंस?"

"मंगळवारी."

"दिलंस का नाही मग?"

"द्यायला निघाले होते. वाटेत समितीतल्या एका सरांनी बोलावलं आणि चूक दाखवली."

"त्यांनी बोलावलं नसतं तर?"

बाहेर कोणीतरी पाण्याची बादली ओतली. धाकटीने खोटं बोलायचा विचार केला, तो विचार तिच्या तोंडावर दिसलाही असेल.

"दिलं असतं," ती म्हणाली.

थोरलीने पत्राची घडी घातली. अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात, कडेला कडा जुळवून, आणि ते स्वतःच्या पर्समध्ये टाकून चेन ओढली. परत मागायची धाकटीची हिंमत झाली नाही. मग थोरलीने फॉर्म मांडीवर घेतला आणि या वेळी तो पहिल्या ओळीपासून वाचला, ओठ हलवत. चौथ्या चौकटीवर जरा थांबली. अकराव्या चौकटीवर जास्त थांबली, कारण ते अक्षर किरटं होतं.

"'आकडा मान्य असल्याची सही,'" तिने मोठ्याने वाचलं. "आकडा आता कुठला?"

"साठ."

"पेन दे."

"ताई, परवाच मुदत संपली. तो लाल शिक्का बघ. आता या सहीचा काही उपयोग नाही."

"उपयोग विचारला का मी? पेन दे."

धाकटीने पेन दिलं. थोरलीने कागदाखाली घडी घातलेला टॉवेल सरकवला, पेन दोनदा झटकून बघितलं आणि चौकटीत आधी 'साठ' असं अक्षरी लिहिलं. मग खाली पूर्ण नाव लिहायला लागली. स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं, शाळेत लिहायची तसं. धाकटी शेजारी उभी होती. चांगलं मिनिटभर लागलं.

"घे," थोरली म्हणाली आणि पुढची चादर ओढली. "आणि आलीच आहेस तर याचं दुसरं टोक धर."